मानस

चोडणला आले ती लिहायला.
घर भाड्याचं, वीज वेगळी,
खिडकीबाहेर खाजन, मग बांध,
बांधापलीकडे मांडवी.
टेबल मी खिडकीपासून तीनदा हलवलं
आणि तीनदा परत तिथेच आणून ठेवलं.
या आठवड्यातलं लेखन म्हणजे एवढंच.

सकाळी पोदेर येतो, पों पों.
दोन उंडे, एक पोय. सुटे नाहीत.
सुटे शोधताना खणात गेल्या वर्षीची डायरी,
पहिली दोन पानं भरलेली.
उभ्यानेच वाचते. बरी आहेत की!
मग वाईट वाटतं.
मग चहा.

माझी नायिका
एकोणचाळिसाव्या पानावर ओल्या केसांनी उभी आहे
एका बंद दारासमोर.
बावीस दिवस झाले.
केस वाळून कोळ झाले असतील एव्हाना.
दार कुणाचं, मला माहीत नाही.
म्हणजे, माहीत आहे.
म्हणून तर उठते मी,
मागच्या अंगणातला नळ बंद आहे का बघायला.

पणजीहून सुनेत्रा धोंडांचा फोन:
कुठवर आलंय?
चालू आहे, मी म्हणते.
फेरीबोटही चालूच असते दिवसभर,
रायबंदर चोडण, चोडण रायबंदर,
माणसं उतरतात, स्कूटर उतरतात,
बोट तेवढी कुठेच जात नाही.

संध्याकाळी बांधावर कायतान भेटतो.
यंदाच्या पावणीत मानस त्याने घेतली आहे,
भरतीओहोटीचं ते जुनं लाकडी दार,
आणि दाराला लावलेल्या जाळ्यात येईल ती मासळी.
बाये, दीसभर खिडकेंत बसून कितें पळयता गो?
मी म्हटलं, तुझं दार. कधी उघडतोस तू ते?
तो हसला. उरलेले चार दात दिसले.
हांव खंय उगडटां?
भरती आली की नदीच ते दाबून लावते,
ओहोटीला आतलं पाणी आपसूक ढकलतं.
मग तुझं काम काय?
कुल्ल्यो, तो म्हणाला. खेकडे.
बांध पोखरतात मेले. एवढंसं भोक,
एका उधाणात अख्खं शेत खारं.
चिखल घ्यायचा, बुजवायचं.
आज बुजवलेलं उद्या परत.

हे फार चांगलं होतं.
विसरू नये म्हणून तिथल्या तिथे फोनमध्ये टिपून घेतलं
आणि त्याच फोनमध्ये
मामेबहिणीच्या नणंदेचं बारसं,
कुणाच्या तरी मांजराचं ऑपरेशन,
एका अनोळखी गृहस्थाची भातकापणी
बघत बसले, अंधार पडेपर्यंत.
डास पायांवर जेवून गेले.

रात्री वीज गेली.
फोन आधीच मेला होता.
मेणबत्ती सापडली, काडेपेटी सापडली नाही,
मग सापडली.
एक डास, एक मी, एकोणचाळिसावं पान.
लाज वाटली तिच्याकडे बघायला.
बाहेर नदी उतरत असावी,
कारण बांधाकडून लाकूड कुरकुरल्याचा आवाज आला,
लांबलचक,
म्हाताऱ्या माणसाने कूस बदलावी तसा.

मी लिहिलं: तिने कडी वाजवली.
आतून कुणीतरी विचारलं, कोण गो तें?

खोडलं.
लिहिलं: कोण आहे?
हे कुणाच्याही घरातून आलं असतं.
आमच्या घरात असं कुणी कधी विचारलं नाही,
आणि गेली अकरा वर्षं तर
मीच ती कडी वाजवलेली नाही.
खोडलं. परत लिहिलं, कोण गो तें,
आणि हात कागदावर दाबून धरला,
बांधावरच्या ओल्या चिखलावर धरावा तसा.

पुढे साडेतीन ओळी झाल्या. फार नाहीत.
चौथी अर्धी असताना पों पों.
सुटे आजही नव्हते.
पोदेर म्हणाला, फाल्यां दी.
मी परत आले, बसले.
दार किलकिलं होतं.
तिचे केस अजून ओले होते.